गिटारच्या तारा, आद्य जॅझ ध्वनिमुद्रणांतील

सुमारे १९२० ते १९४० या काळातील जॅझ ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येणारा गिटारचा नाद घडविण्यात तारेचा धातू, जाडी, ताण आणि वेष्टण यांचा वाटा वाद्याच्या घडणीइतकाच मोठा आहे.

तात आणि पोलाद : एकोणिसाव्या शतकातील गिटारला प्रामुख्याने तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या, तारा असत, खर्जाच्या तारा रेशमी गाभ्यावर धातूची बारीक तार गुंडाळून केलेल्या. तातीत वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) लवकर विरतात. तिचा नाद मऊ असला, तरी कॉर्नेट व ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यांपुढे तो टिकत नाही. पोलादी तार अधिक ताण सोसते, तिचा आघात तीक्ष्ण असतो आणि उपस्वर जास्त वेळ राहतात. मात्र जाड साधी पोलादी तार ताठर होते व तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटींपेक्षा किंचित चढे येतात. म्हणून पहिल्या दोनच तारा साध्या ठेवून तिसरीपासून पुढे वेष्टण देतात. वेष्टणाने ताठरपणा फारसा न वाढता वजन वाढते. ही वेष्टित तिसरी तार आद्य जॅझ गिटारची खरी खूण मानावी. आजच्या अनेक इलेक्ट्रिक संचांत ती साधी असते आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांतील मधल्या स्वरांचा गोलावा तिच्यावर येत नाही.

बँजोची पीछेहाट : आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत तालाची बाजू बँजोकडे होती. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह संचात (१९२५) जॉनी सेंट सिर बँजो वाजवी. गिटार पुढे येण्याचे श्रेय कोणी पोलादी तारांना देतात, तर कोणी मायक्रोफोनला. पहिल्या मताच्या बाजूने १९१५ नंतर अमेरिकेत पसरलेली पोलादी तारांच्या हवाईयन गिटारची लाट, मार्टिन कंपनीचे १९२२ पासूनचे पोलादी तारांचे गिटार आणि गिब्सन कंपनीचे एल-५ हे गिटार (१९२२) असे दाखले देतात. निक लुकासची १९२२ मधील एकल गिटारवादने मायक्रोफोनविना, ध्वनी गोळा करणाऱ्या कर्ण्यासमोरच मुद्रित झाली, हेही खरे. तथापि त्या काळच्या बँजोलाही सामान्यतः पोलादी ताराच असत, त्यामुळे केवळ तारेवरून हा बदल उलगडत नाही. कर्ण्याच्या पद्धतीत साधारणपणे २०० हर्ट्‌झखालचे आणि २,५०० हर्ट्‌झवरचे फारसे काही उमटत नसे, तर गिटारची सहावी तार सुमारे ८२ हर्ट्‌झला लागते. व्हिक्टर व कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी १९२५ मध्ये मायक्रोफोनचे विद्युत् ध्वनिमुद्रण स्वीकारल्यावर ही मर्यादा दोन्ही टोकांना रुंदावली आणि पोलादी तारेचे उपस्वर तबकडीवर पोहोचले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते ते यामुळे.

वादक : एडी लँग (१९०२–३३) आणि लॉनी जॉन्सन यांच्या १९२८–२९ मधील ओके कंपनीच्या युगुलवादनांत पोलादी तारांच्या दोन वृत्ती शेजारी ऐकता येतात. लँगची संगत जड, आखूड आणि खर्जाला धरून चालते. जॉन्सन वरच्या तारा खेचून स्वराला कंप देतो. काउंट बेसीच्या संचातील फ्रेडी ग्रीन (१९३७ पासून) जाड तारा पडद्यांपासून बऱ्याच उंच ठेवी. नखीचा आघात ठळक, नाद क्षणिक, असा त्याचा ठेका घडला.

पॅरिसमध्ये जँगो राइनहार्टने १९३४ मध्ये पंचवाद्यसंच उभारला. सेल्मर या फ्रेंच कंपनीचे गिटार व हलक्या तारा हे त्या शैलीचे समीकरण. पोलादी गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे वेष्टण त्यात रूढ झाले.

वेष्टणाचा धातू व चुंबक : कांस्यवेष्टणाची तार वाद्याच्या लाकडी पोटातून उबदार बोलते. तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार आणि पोलादी जोड ओळखणाऱ्या कानाला हा फरक सहज कळेल. निकेलवेष्टित तार तुलनेने कोरडी वाटते. गिब्सनच्या ईएस-१५० (१९३६) या चुंबकीय पिकअपच्या, म्हणजे तारेचे कंपन चुंबकाने टिपून विद्युत् संकेतात बदलणाऱ्या साधनाच्या, गिटारने हिशेब बदलला. कांस्य चुंबकाला प्रतिसाद देत नाही, फक्त आतला पोलादी गाभाच बोलतो. त्यामुळे वेष्टित तारा दबतात आणि साध्या तारा डोके वर काढतात. निकेलने ही तफावत बरीच कमी होते. चार्ली ख्रिश्चनने बेनी गुडमनच्या सहा वादकांच्या संचासह ऑक्टोबर १९३९ पासून केलेल्या ध्वनिमुद्रणांत याच गिटारचा जाड, सलग स्वर आहे. साधी दुसरी तार तरीही अधिक मोठ्याने बोले. म्हणून या पिकअपच्या काही नमुन्यांत त्या तारेखालच्या चुंबकीय पट्टीला खाच पाडलेली आढळते.