शाळेच्या पुस्तकातला अंधार: विल्यम ब्लेक यांची लाकडावरची चित्रं

लंडनचे डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक रॉबर्ट जॉन थॉर्नटन यांनी शाळकरी मुलांसाठी रोमन कवी व्हर्जिलच्या गोपगीतांचं पुस्तक काढलं होतं. 1821 मध्ये त्याची तिसरी आवृत्ती चित्रांसह निघाली. जॉन लिनेल या तरुण चित्रकाराच्या ओळखीतून त्यातलं थोडं काम इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक यांच्याकडे आलं. ब्लेक तेव्हा साठी ओलांडलेले होते. 1772 पासून तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करण्यात त्यांची हयात गेली होती, पण या पद्धतीने लाकूड त्यांनी तोवर कोरलं नव्हतं आणि नंतरही कधी कोरलं नाही. या एकाच कामात त्यांनी 17 चित्रं कोरली. त्यातली बहुतेक जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटर रुंद आहेत. युरोपच्या रोमँटिक काळातली इतकी छोटी आणि इतकी खोल चित्रं फार थोडी असतील.

त्यांचं वेगळेपण कळायला आधी तंत्र पाहायला हवं. जुन्या वुडकटमध्ये फळीवर, म्हणजे लाकडाच्या उभ्या धाग्यावर, सुरीने काम चाले. रेषा ठेवायची आणि तिच्या आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं, म्हणजे रेषा काळी उमटते. न्यूकॅसलच्या थॉमस ब्यूइक यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसरी वाट रूढ केली. बॉक्सवुड या अतिशय टणक लाकडाचा आडवा छेद घ्यायचा आणि धातूवर चालणारं ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, त्यावर चालवायचं. आडव्या छेदात धागा आडवा येत नाही, त्यामुळे हत्यार हव्या त्या दिशेला वळतं आणि केसासारखी रेषा निघते. हत्यार जिथून गेलं तिथे शाई लागत नाही, म्हणून ती रेषा कागदावर पांढरी दिसते. ब्यूइक यांच्या ब्रिटिश पक्ष्यांच्या ग्रंथाचे दोन खंड 1797 आणि 1804 मध्ये आले, आणि पिसांचा मऊपणाही लाकडातून छापता येतो हे लोकांनी पाहिलं.

प्रकाशकांना या तंत्राचं आकर्षण वेगळ्याच कारणाने होतं. तांब्याच्या पत्र्यावरची शाई खाचांत असते, त्यामुळे ते चित्र वेगळ्या यंत्रावर छापावं लागतं. लाकडी ब्लॉकची शाई वरच्या पृष्ठभागावर असते. ब्लॉक शिशाच्या खिळ्यांइतक्या, म्हणजे छपाईच्या अक्षरठशांइतक्या, उंचीचा केला की चित्र आणि मजकूर एकाच दाबात निघतात. शाळेच्या पुस्तकाला हेच परवडतं. बॉक्सवुडचं झाड सावकाश वाढतं आणि त्याचं खोड बारीक राहतं, म्हणून ब्लॉकही लहानच मिळत.

या धंद्यातले कसबी कारागीर एकसारख्या समांतर रेषा ओढून करड्या छटा आणत, चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून. ब्लेक यांनी तसं केलं नाही. न कोरलेला ब्लॉक छापला तर निव्वळ काळा चौकोन उमटतो. त्यांनी तो काळा रंग बराचसा तसाच राहू दिला आणि हवा तिथेच उजेड उकरून काढला. खाचा आखूड, जाड, काही ठिकाणी ओबडधोबड आहेत. प्रकाशकाकडच्या लोकांना हे कच्चं काम वाटलं. तीन चित्रं तर दुसऱ्या कारागिराकडून नव्याने कोरून घेतली गेली. ती ब्लेक यांच्या चित्रांशेजारी ठेवली की सफाई दिसते, पण जीव दिसत नाही. बाकीची चित्रं वाचली ती काही नामवंत चित्रकारांनी त्यांची स्तुती केल्यामुळे. तरीही थॉर्नटन यांनी पुस्तकात खुलासा छापलाच: यांत कलाकुसरीपेक्षा प्रतिभा अधिक आहे.

चित्रं आहेत ती इंग्रज कवी अँब्रोझ फिलिप्स यांनी व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीताच्या धर्तीवर रचलेल्या इंग्रजी कवितेची. थेनॉट हा वयस्क मेंढपाळ आणि कॉलिनेट हा घर सोडून भटकलेला, खचलेला तरुण यांचा तो संवाद. वादळाच्या चित्रात एक झाड वाऱ्याने वाकलं आहे आणि शेतातलं उभं पीक झोपलं आहे. त्या पिकाकडे अगदी जवळून पाहावं. कणसं कुठे रेखाटलेलीच नाहीत, एका बाजूला झुकलेल्या पांढऱ्या खाचा आहेत फक्त. हत्याराची दिशा तीच वाऱ्याची दिशा. कॉलिनेटचं दुःख इथे चेहऱ्यावर नाही, ते शेतावर पसरलं आहे. दुसऱ्या चित्रात तो काठी घेऊन निघाला आहे आणि वाटेवरच्या दगडावर लंडन 62 मैल असं रोमन आकड्यांत कोरलं आहे. ब्लेक 1800 ते 1803 एका आश्रयदात्याच्या जवळ फेल्पम गावात राहिले होते. तिथून लंडन साधारण तेवढंच दूर असल्याने काही अभ्यासक या दगडात त्यांचीच वाटचाल वाचतात. मला ते पटतं, कारण मूळ कवितेला असल्या दगडाची काहीच गरज नव्हती. शेवटी नांगरणी उरकून माणसं गात परततात आणि औत सोडलेली जनावरं रेंगाळत घराकडे निघतात. मेंढ्या, चंद्र, झोपडी ही गोपगीतांची जुनीच चिन्हं, पण काळ्या पार्श्वभूमीमुळे त्यांतल्या प्रत्येकाचा उजेड कमावलेला वाटतो.

पुस्तकाच्या पानात बसवण्यासाठी ब्लॉकच्या कडा कापल्या गेल्या. कापण्याआधीचे काही नमुना छाप टिकले आहेत, त्यांवरून किती गेलं ते कळतं. सॅम्युएल पामर या तरुण चित्रकाराला मात्र या चित्रांत स्वर्गाचे कोनेकोपरे दिसले. तो आणि त्याचे मित्र केंटमधल्या शोरहॅम गावात जमत. त्यांच्यातल्या एडवर्ड कॅल्व्हर्ट यांनी 1827 ते 1831 या काळात लाकडावर जी चिमुकली चित्रं कोरली, त्यांचं मूळ इथेच आहे. ब्लेक यांचे ब्लॉक लिनेल यांनी 1825 मध्ये विकत घेतले. लिनेल घराण्याने ते जपले आणि 1939 मध्ये ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले. 1977 मध्ये त्यांच्यावरून पुन्हा काळजीपूर्वक छाप काढले, तेव्हा शाळेच्या पुस्तकातल्या घाईच्या छपाईत बुजलेल्या कितीतरी बारीक रेषा पहिल्यांदा नीट दिसल्या.