लस चालते हो, पण सर्टिफिकेट चालतं का?

२०२१ साली गोव्यात ज्या ज्या घरातलं कोणी गल्फात, बोटीवर नाहीतर इंग्लंडला नोकरीला होतं त्या सगळ्या घरांत एकच वाद ऐकू यायचा, की अरे कोरोनाची कोविशील्ड लस चालते तिकडे, यादीत नाव आलंय, पेपरात पण आलंय, मग ह्याला एअरपोर्टवर अडवलं का? आता इतकी वर्षं झाली तरी कोणी इंग्लंडातल्या स्विंडनहून किंवा कुवेतहून सुट्टीवर आलं की चतुर्थीच्या गर्दीत हा विषय निघतोच आणि तीच गल्लत परत होते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

गल्लत कसली? तर लस मान्य असणं ही एक भानगड आणि लसीचं सर्टिफिकेट मान्य असणं ही वेगळी भानगड. पहिल्यात प्रश्न असतो की तुमच्या दंडात गेलेलं औषध आम्हाला पटतं का. दुसऱ्यात प्रश्न असतो की ते दंडात गेलं हे सांगणारा कोण, आणि त्याच्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा. पहिल्याचं उत्तर औषधवाल्या संस्था देतात, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, युरोपची ईएमए, अमेरिकेची एफडीए वगैरे. दुसऱ्याचं उत्तर देतं त्या देशाचं सरकार, आणि शेवटी काउंटरवर बसलेला माणूस. गोव्यातल्या माणसाला हे कळायला खरं तर काहीच अडचण नको, जमीन आजोबांपासून तुमच्या ताब्यात असते, नारळ पाडायला पाडेली तुम्हीच बोलावता, नारळ तुमच्याच घरात येतात, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव नसलं की मामलेदार तुमच्याकडे बघत पण नाही.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रिटनचं. १७ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी प्रवासाचे नवे नियम जाहीर केले, लागू ४ ऑक्टोबरपासून, आणि त्यात कोविशील्डचं नावच नव्हतं. इकडे बोंबाबोंब झाली, कारण कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, फक्त पुण्याच्या सीरममध्ये बनलेली, आणि वर कहर म्हणजे सीरमने बनवलेले लाखो डोस ब्रिटनने स्वतःच आपल्या लोकांना दिलेले. मग २२ सप्टेंबरला त्यांनी यादीत कोविशील्ड घातली. लोकांना वाटलं सुटलो. कसले सुटले! लस यादीत आली पण ज्या देशांची सर्टिफिकेटं चालतील त्या यादीत भारत नव्हता, म्हणजे दोन्ही डोस घेऊन गेलेला माणूस सुद्धा तिथे लस न घेतलेलाच धरला जाणार आणि १० दिवस घरात बसणार. ब्रिटिश हायकमिशनरनी पण तेव्हा उघड सांगितलं की अडचण कोविशील्डची नाही, सर्टिफिकेशनची आहे. एवढं सरळ सांगून पण लोक लसीवरूनच भांडत राहिले, टीव्हीवाले तर जास्तच.

मग भारताने पण उलट डाव टाकला, ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिक आला की लस घेतलेली असो नसो, निघायच्या आधी ७२ तासांतली आरटीपीसीआर, उतरल्यावर एक, आठव्या दिवशी एक आणि १० दिवस क्वारंटाईन. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारताचं सर्टिफिकेट धरलं, लगेच भारताने पण आपला नियम मागे घेतला. ह्या मधल्या दिवसांत लसीत एका थेंबाचा फरक पडला नव्हता हे लक्षात घ्या, बदलला तो फक्त कागदावरचा विश्वास.

आता युरोपचं बघू, तिथे उलटं झालं होतं, तिथे आधी लसच अडकली. १ जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनचं डिजिटल कोविड सर्टिफिकेट सुरू झालं. ईएमएने मान्य केलेल्या लसी सगळ्या सदस्य देशांना मानाव्याच लागायच्या, बाकीच्या लसी मानायच्या की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं. ईएमएच्या यादीत होती वॅक्सझेव्रिया, म्हणजे तीच अ‍ॅस्ट्राझेनेका पण युरोपातल्या नावाची आणि त्यांनी मंजूर केलेल्या कारखान्यांतली. कोविशील्डसाठी त्यांच्याकडे तेव्हा अर्जच आला नव्हता. औषधाच्या दुनियेत फॉर्म्युला एकच आहे एवढ्यावर भागत नाही, कुठल्या कारखान्यात बनतं ते पण मंजुरीचा भाग असतं, आणि हे त्यांनी भारतीयांना खिजवायला काढलेलं नव्हतं, आधीपासूनच तसं आहे. मग जर्मनी, स्पेन, ग्रीस, आयर्लंड असे काही देश म्हणाले आम्ही कोविशील्ड धरतो, बाकीचे गप्प.

ह्याची झळ गोऱ्या लोकांना पण लागली, हे इकडे फार जणांना माहीत नसतं. जुलै २०२१ मध्ये ब्रिटनमधून माल्टाला निघालेल्या काही प्रवाशांना विमानतळावरूनच परत पाठवलं, कारण त्यांना मिळालेले डोस सीरमच्या बॅचचे होते, ते ४१२०झेड००१ पासून सुरू होणारे तीन नंबर. सर्टिफिकेट अस्सल ब्रिटिश, एनएचएसचं, क्यूआर कोड सकट, पण बॅच नंबर पुण्याचा. म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट चाललं आणि लस चालली नाही, आणि आपल्या माणसांची लस चालली पण सर्टिफिकेट चाललं नाही.

आपल्याकडे लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले खूप, हिंदू घरांतले पण आता कमी नाहीत. त्यांना वाटायचं आपण युरोपियन नागरिक, आपल्याला काय होतंय. नागरिक म्हणून आत जायला अडचण नाही हे बरोबर, पण लस घेतली म्हापशात किंवा मडगावात, नोंद कोविन वर, आणि तिकडे हॉटेलात चेक-इनला मागायचे युरोपचं डिजिटल सर्टिफिकेट. जुलै २०२१ मध्ये पोर्तुगालने हॉटेलांसाठी तो नियम केला होता, नाहीतर निगेटिव्ह टेस्ट दाखवा. पासपोर्ट कुठला आहे हे त्या स्कॅनरला कळतच नाही, त्याला कळते फक्त सही. म्हणजे असं की युरोपच्या क्यूआर कोडमध्ये देणाऱ्या देशाची डिजिटल सही असायची आणि ती तपासायची चावी एका सामायिक गेटवेवर ठेवलेली असायची. युनियनबाहेरचे देश पण त्यात जोडले गेले होते, स्वित्झर्लंड, ब्रिटन, यूएई, सिंगापूर वगैरे. भारत नव्हता. आपला क्यूआर पण सहीवालाच होता, खोटा करणं सोपं नव्हतं, पण वेगळ्या पद्धतीचा, त्यामुळे तिकडच्या अ‍ॅपला तो दिसायचा आणि समजायचा नाही.

गल्फचं प्रकरण तर आणखी वेगळं. यूएईने एप्रिल २०२१ च्या शेवटी भारतातून येणारी दारं बंद केली, आणि ५ ऑगस्टला रेसिडेन्सी असलेल्यांसाठी उघडली, पण अट काय तर लस यूएईतच घेतलेली पाहिजे, दुसऱ्या डोसला १४ दिवस झालेले पाहिजेत आणि सर्टिफिकेट तिकडचंच पाहिजे. आता अ‍ॅस्ट्राझेनेका ते मानत होतेच. पण सुट्टीवर येऊन अडकलेल्या ज्या माणसाने डिचोलीच्या केंद्रात रांग लावून दोन डोस घेतले त्याचं काय? तो बाहेर. नोकरी तिकडे, सामान तिकडे, पोरांची शाळा तिकडे. १२ सप्टेंबरपासून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली कुठलीही लस घेतलेल्या रेसिडेंटना परत यायला दिलं तेव्हा सुटका झाली. ह्या महिनाभरात कितीजणांच्या नोकऱ्यांचं काय झालं असेल ते ज्यांनी सोसलं त्यांनाच ठाऊक, आणि माझं मत विचाराल तर रेसिडेन्सी दिलेल्या माणसाला असं दाराबाहेर ठेवणं चूकच होतं.

कुवेतने १ ऑगस्टपासून रेसिडेंटना घ्यायला सुरुवात केली, लसी चारच, फायझर, अ‍ॅस्ट्राझेनेका, मॉडर्ना आणि जॉन्सन. इथे लस आणि सर्टिफिकेट दोन्ही वेगवेगळं तपासलं जायचं. सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टप्रमाणे, लसीचं नाव, डोसच्या तारखा, देणारी संस्था, वाचता येणारा क्यूआर, आणि तिकडच्या आरोग्य खात्याच्या वेबसाईटवर अपलोड करून मंजुरीची वाट बघायची. आता आपल्याकडे लस घेताना बहुतेकांनी पुढे केलं आधार कार्ड. आधारवर नाव एक, पासपोर्टवर दुसरं. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, नाईक का नायक, आडनाव आधी का नंतर, पोर्तुगीज पासपोर्ट असला तर आईच्या माहेरचं आडनाव पण आत आलेलं. शिवाय कोविनच्या सर्टिफिकेटवर आधी जन्मतारीख नसायचीच, फक्त वय. जून २०२१ मध्ये पासपोर्ट नंबर जोडायची सोय आली, आणि पूर्ण जन्मतारीखवालं परदेशप्रवासाचं सर्टिफिकेट सप्टेंबर संपता संपता आलं, ब्रिटनच्या त्या भांडणाच्या वेळीच.

जून २०२१ मध्येच आणखी एक सूट मिळाली होती, कोविशील्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, ते परदेशी शिकायला नाहीतर नोकरीला जाणाऱ्यांसाठी २८ दिवसांवर आणलं, आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणाऱ्यांसाठी पण. गल्फवाल्यांना आणि बोटीवर चढणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग झाला.

कोव्हॅक्सिनवाल्यांचं दुखणं मात्र शुद्ध लसीचं होतं, सर्टिफिकेट कितीही दुरुस्त करा काही उपयोग नाही. कोविशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता १५ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली आणि कोव्हॅक्सिनला थेट ३ नोव्हेंबर २०२१ ला. मधले नऊ महिने ती घेतलेला माणूस भारतात पूर्ण लसवंत आणि सौदीच्या लेखी बिनलसीचा. केरळमधला सौदीत काम करणारा एकजण तर कोविशील्डचा तिसरा डोस द्या म्हणून हायकोर्टात गेला होता. अमेरिकेने ८ नोव्हेंबरला दारं उघडली तेव्हा ह्या मान्यतेमुळे कोव्हॅक्सिनवाले आत जाऊ शकले, ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून धरली.

आता उलट बाजू, आपल्याकडे राहणारे परदेशी. हरमल, मोरजी, हणजूण भागात लॉकडाऊनपासून अडकलेले किंवा मुद्दाम राहिलेले रशियन, ब्रिटिश, इस्रायली होतेच, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढून गावातच राहणारे आपले पण कागदावर परदेशीच. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्ट दाखवून कोविन वर नाव घालता येईल असं केंद्राने ९ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं. गंमत बघा, इथे लस घेतलेला ब्रिटिश म्हातारा सप्टेंबरात आपल्या घरी परत गेला असता तर त्याच्याच देशात तो लस न घेतलेला ठरला असता, कारण सर्टिफिकेट कोविनचं. आणि रशियातून स्पुटनिक घेऊन येणाऱ्याची तिसरीच तऱ्हा, ती लस भारताने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलेली पण जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही, त्यामुळे तो गोव्यात उतरू शकायचा आणि इथून पुढे बऱ्याच ठिकाणी जाऊ शकायचा नाही.

बरं, ह्यात सगळ्यात हसू येण्यासारखी गोष्ट म्हणजे लस आणि पुरावा एकत्र बांधायची जुनी पद्धत आधीपासून होती, आणि गोव्यातल्या बोटीवाल्यांना ती चांगली ठाऊक आहे, यलो फीव्हरचं पिवळं पुस्तक. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत ज्या देशांत तो ताप आहे तिथे जायचं तर बऱ्याच ठिकाणी हे लागतं. तिथे लस मान्य आणि सर्टिफिकेट मान्य हे दोन वेगळे प्रश्न उरतच नाहीत, कारण जागतिक आरोग्य संघटनेने मंजूर केलेलीच लस, सरकारने नेमलेल्या केंद्रातच टोचायची, त्याच केंद्राचा शिक्का आणि सही, आणि नमुना सगळ्या जगात एकच. आपल्याकडे वास्कोला मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑफिस आहे, तिथे हे काम होतं. तीच लस न नेमलेल्या डॉक्टरकडे कुठे घेतलीत तर शरीराला फायदा तेवढाच होईल, प्रवासाला शून्य. उलट तिकडून भारतात येताना पुस्तक नसलं तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये बसवू शकतात, आणि ह्या बाबतीत आपले अधिकारी अजिबात ढिले नाहीत.

फक्त एक सांभाळा, टोचल्यापासून १० दिवसांनीच ते पुस्तक लागू होतं, जॉइनिंगचा फोन आल्यावर धावपळ करून चालत नाही. आणि जुनं पुस्तक असेल, त्यावर १० वर्षांची मुदत छापलेली असेल, तर घाबरून दुसऱ्यांदा टोचायला जाऊ नका, ११ जुलै २०१६ पासून ते जन्मभर चालतं, जुनी पण चालतात. एजंट पैसे मागायला लागला तर त्याला हे सांगा.