साइक्सचा चंडोल की मलबारी चंडोल? तुरा सोडा, छाती बघा

पुण्याच्या आसपास तुरेवाले चंडोल दोन जातींचे: साइक्सचा आणि मलबारी. तुरा दिसला की लगेच ‘साइक्स’ अशी नोंद होते आणि घोटाळा तिथेच होतो, कारण लांब, टोकदार तुरा दोघांनाही असतो. वाऱ्याने तो मानेवर चपटा बसला तर तेवढाही आधार उरत नाही.

खरी ओळख छातीवर. मलबारीच्या छातीवर जाड, काळपट, ठळक रेघा असतात आणि पोट मध्यभागी पांढरट. साइक्सच्या रेघा बारीक, मोजक्या, छातीच्या वरच्या भागापुरत्या. खालचं सगळं अंग तांबूस-बदामी. साइक्स सुमारे १४ सेंमी, मलबारी १६, पण एकटा पक्षी समोर असताना हा फरक डोळ्याला कळत नाही.

ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये साइक्सच्या चंडोलाचं वर्णन दख्खनमधूनच केलं, आणि आजही त्याला इथलाच कोरडा, खडकाळ, खुरट्या गवताचा माळ लागतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूरकडची माळरानं ही त्याची जागा. मलबारी सह्याद्रीच्या बाजूचा: गवताळ उतार, सडे (खडकाळ पठारं), शेतांचे बांध. मधल्या पट्ट्यात मात्र दोघांपैकी कोणीही भेटू शकतो, त्यामुळे जागेवरून निकाल देऊ नये. साइक्स इतर पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा नुसत्या आवाजावरही भरवसा नको.

फोटो बहुतेक वेळा बाजूने किंवा पाठीवरून निघतो आणि छाती राहून जाते. सूर्य पाठीशी घ्या, जमिनीवर आडवे व्हा, लेन्स पक्ष्याच्या पातळीवर आणा आणि तो तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. ४०० मिमी लेन्सला बसलेल्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंदाचा शटर वेग पुरतो. गात वर चढणाऱ्यासाठी १/२००० ठेवा. थेट चालून गेलात तर तो उडतोच. तिरके, थांबत थांबत जा. उन्हं चढली की तापलेल्या मातीवरची हवा थरथरते. मग छातीवरच्या रेघा पुसट होतात आणि मलबारीसुद्धा साइक्ससारखा दिसतो. सकाळी लवकर जाण्याचं खरं कारण हे. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातही पांढरट पोट तांबूस वाटतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली तर रंग नंतर तपासता येतो.

दोघांचीही घरटी जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी किंवा ढेकळाच्या आडोशाला. पक्षी चोचीत अळी धरून घुटमळत असेल तर पिल्लं जवळच आहेत, पाऊल पुढे टाकू नका. त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावूही नका.

छाती स्पष्ट आली नसेल, तर नोंद ‘तुरेवाला चंडोल’ एवढीच ठेवा.