पीसीओएस : अंडाशयाकडून इन्सुलिनकडे, इन्सुलिनकडून जनुकांकडे

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, स्त्रियांमधला संप्रेरकांचा एक विकार. त्याचे निदान झाले की पहिला सल्ला बहुधा वजन उतरवण्याचा मिळतो. सल्ल्यात वावगे काही नाही. पण तो ज्या सुरात दिला जातो, त्यातून हा आजार त्या मुलीने स्वतःच ओढवून घेतला असे ध्वनित होते. गेल्या शंभर वर्षांतले संशोधन पाहिले तर हा सूर अन्यायाचा आहे हे स्पष्ट दिसते.

अंडाशयांच्या या स्थितीचे वर्णन जुने आहे. इटालियन वैद्य अँतोनियो वालिस्नेरी यांनी १७२१ मध्ये मूल न होणाऱ्या एका शेतकरी स्त्रीची मोठी, पांढरी, चकाकणारी अंडाशये नोंदवून ठेवली होती. आधुनिक वैद्यकात मात्र आजाराची ओळख १९३५ मध्ये पक्की झाली. शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची पाळी बंद होती आणि दोन्ही अंडाशये लहान लहान पिशव्यांनी भरलेली होती. अंडाशयाचा काही भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. या यशामुळे पुढची कित्येक वर्षे सगळ्यांचे लक्ष अंडाशयावरच खिळून राहिले. आजाराला नावही तिथूनच मिळाले : पॉलिसिस्टिक म्हणजे अनेक पिशव्यांचे. खरे तर त्या पिशव्या म्हणजे अर्धवट वाढून थांबलेली बीजे. आजाराचा तो परिणाम होता, मूळ नव्हते.

मुळाकडे बोट दाखवणारी एक नोंद त्याआधीच झाली होती. १९२१ मध्ये शार्ल आशार आणि जोझेफ तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी ‘दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह’ असे वर्णन केले होते. पुरुषी संप्रेरके आणि साखर यांचे काही नाते आहे, हे त्यांच्या नजरेने टिपले. त्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला, पण हे दोन धागे जुळायला जवळजवळ साठ वर्षे गेली. अडचण मोजमापाची होती. रक्तातले इन्सुलिन नेमके मोजण्याची पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास दिली. तोवर साखर नॉर्मल आली की विषय तिथेच संपत असे. ती साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतावे लागत असेल, तर ते कळायला मार्गच नव्हता.

१९७६ मध्ये रोनाल्ड कान आणि सहकाऱ्यांनी एका अतिदुर्मिळ आजाराचे वर्णन केले. काही तरुण मुलींच्या पेशी इन्सुलिनला जवळजवळ दाद देत नव्हत्या. त्यांच्या मानेवर, काखेत काळसर जाड त्वचा होती आणि शरीरात पुरुषी संप्रेरके वाढलेली होती. मग १९८० मध्ये बर्गन, गिव्हन्स आणि किताबची यांनी नेहमीच्या पीसीओएसमध्येही इन्सुलिन आणि अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, सोबतीने वाढतात हे दाखवले.

इथे मला या आजाराची सर्वांत विलक्षण गोष्ट दिसते. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडते. पण अंडाशय बधिर झालेले नसते. वाढलेले इन्सुलिन एलएच या अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या जोडीने त्याला अँड्रोजन बनवायला लावते. शिवाय यकृतात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी तयार होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजन, वाढते. पाळी लांबणे, चेहऱ्यावर केस, मुरुमे यांमागे ही साखळी असते.

हे सगळे लठ्ठपणामुळेच होते का? १९८९ मध्ये अँड्रिया ड्युनाइफ यांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांची तुलना त्याच वयाच्या, त्याच वजनाच्या इतर स्त्रियांशी केली. पीसीओएस असलेल्या सडपातळ स्त्रियांतही इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष, आढळला. वजन त्यात भर घालते हे खरे, पण दोष वजनाच्या आधीपासूनचा असू शकतो. पुढे नव्वदच्या दशकात मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध या आजारातही वापरले जाऊ लागले.

मग हा दोष येतो कुठून? कुटुंबात तो आढळतो हे १९६८ पासून लिहिले जात होते. १९९८ मध्ये रिचर्ड लेग्रो आणि ड्युनाइफ यांच्या गटाने रुग्णांच्या बहिणी तपासल्या. २२ टक्के बहिणींना पीसीओएस होता, आणि आणखी २४ टक्के जणींची पाळी नियमित असूनही अँड्रोजन वाढलेले होते. २००६ च्या डच जुळ्यांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला.

एकच दोषी जनुक सापडेल ही आशा मात्र फोल ठरली. २०११ मध्ये चिनी संशोधकांना संपूर्ण जनुकसंचाच्या छाननीत आजाराशी निगडित तीन जागा सापडल्या, त्यांतली एक एलएचच्या ग्राहीच्या (त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाजवळची. २०१२ मध्ये आणखी आठ जागा मिळाल्या आणि त्यांत इन्सुलिनच्या ग्राहीचे जनुक होते. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीतून चौदा जागा पुढे आल्या. प्रत्येकीचा परिणाम छोटा, आणि सगळ्या मिळूनही आनुवंशिकतेचा थोडाच भाग उलगडतो.

उपचारांत या इतिहासाचा ठसा आता उमटू लागला आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पीसीओएसचे निदान होताच, वय आणि वजन काहीही असो, रक्तातील साखरेची तपासणी करायची आणि ती दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची. वजनावरून रुग्णाला हिणवले जाते, याची दखलही त्यांत घेतली आहे.