किनाऱ्यावरच्या महानगरात फिरणं

सिडनी, सॅन फ्रान्सिस्को, हाँगकाँग, बार्सिलोना, रिओ अशी समुद्राला खेटून वाढलेली मोठी शहरं, तिथले बीच, जुने धक्के, फेरीबोटी, मत्स्यालयं आणि वर्षभर चालणारे लोकल इव्हेंट, हे सगळं अनुभवत फिरणं म्हणजे किनारी महानगराचं पर्यटन. हे बाहेरून आलेल्या टुरिस्टांपुरतंच आहे असं मुळीच नाही, तिथे राहणारा माणूससुद्धा रविवारी हेच करतो, आणि माझ्या मते खरा आनंद त्यालाच जास्त मिळतो कारण त्याला भरती-ओहोटीची आणि वाऱ्याची वेळ माहीत असते.

आज जिथे लोक हातात कॅमेरा घेऊन फिरतात तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वी बहुतेक ठिकाणी सामान्य माणसाला पाय ठेवायची सोय नव्हती. गोद्या, गोदामं, रेल्वेचे रूळ, कारखाने, सगळा काठ त्यांनीच अडवलेला. मग 26 एप्रिल 1956 ला माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाचं आयडियल एक्स नावाचं जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि तिथून पुढे बंदरांचं गणितच बदललं. कंटेनर उतरवायला मोठमोठ्या क्रेन, खोल पाणी आणि भरपूर मोकळी जागा लागते, ती शहराच्या मध्यात कुठून आणणार, त्यामुळे बंदरं बाहेर सरकली आणि जुने धक्के ओस पडले. बाल्टिमोरने त्या जागी 1980 मध्ये हार्बरप्लेस आणि 1981 मध्ये नॅशनल अ‍ॅक्वेरियम उघडलं, सिडनीने 1988 मध्ये डार्लिंग हार्बर लोकांना खुलं केलं, आणि बार्सिलोनाने तर 1992 च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने रूळ आणि कारखाने हटवून शहराला परत बीच मिळवून दिले. सिडनीचं ऑपेरा हाउस 1973 मध्ये उघडलं, पण त्याआधी त्या जागेवर ट्रामचा डेपो होता हे आज सांगूनही पटत नाही!

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे काठावरून दुमजली फ्रीवे (खांबांवरचा वेगवान रस्ता) जात होता, 1898 ची सुंदर फेरी बिल्डिंग त्याच्यामागे पार झाकली गेली होती. ऑक्टोबर 1989 च्या भूकंपात तो फ्रीवे निकामी झाला, 1991 मध्ये पाडायला घेतला आणि शहराला आपला समुद्र परत दिसायला लागला. त्याच सुमाराला पिअर 39 या धक्क्याजवळच्या बोटी लावायच्या तरंगत्या फळ्यांवर सी लायन (सीलसारखे समुद्री प्राणी) येऊन पसरायला लागले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, शेवटी बोटींनाच जागा सोडावी लागली आणि आज ते शहरातलं सगळ्यात लाडकं आकर्षण आहे. बघायला गेलात तर निवांत उभे राहा, एक जण पाण्यातून उडी मारून फळीवर येतो, आधीच झोपलेल्यांच्या अंगावरून खुशाल चालत जातो, मग जी भुंकाभुंकी सुरू होते ती लांबपर्यंत ऐकू येते. हे बहुतेक सगळे नर असतात आणि जून-जुलैत यातले बरेचसे पिल्लांच्या हंगामासाठी दक्षिणेच्या बेटांकडे जातात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात गेलेल्यांचा हिरमोड होऊ शकतो.

आणि उन्हाळ्यावरून आठवलं, किनारी शहराचं हवामान कॅलेंडर बघून ओळखता येत नाही. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात, त्यामुळे सकाळी शांत असलेला बीच दुपारी तीनला डोळ्यांत वाळू उडवतो. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राचं पाणी थंड आणि किनाऱ्यापासून आतल्या भागातली दरी तापलेली, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दाट धुकं शहरात शिरतं आणि टी-शर्टवर आलेले लोक कुडकुडतात, तिथे खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. उबेच्या दिवसांतही सोबत एक जाकीट असू द्यावंच.

भरती-ओहोटीचं तर विचारूच नका, सगळा प्लॅन त्यावर ठरतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर येतं आणि सगळ्यात खालीही जातं, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. खडकांमधली डबकी बघायची असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठायची, पाणी पूर्ण खाली जायच्या तासभर आधी पोचायचं आणि ते चढायला लागलं की मुकाट्याने मागे फिरायचं. डबक्यापाशी उकिडवं बसून हालचाल न करता दोन मिनिटं थांबलं की आधी रिकामं वाटलेलं पाणी जिवंत होतं, शंख चालायला लागतो (आत साधू खेकडा असतो), समुद्रफुलाचे (खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी) दोरे हळूहळू उघडतात, दगडाच्या रंगाचा बोटाएवढा मासा अचानक जागा बदलतो. दगड उचलून बघितला तर तो होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात. कॅलिफोर्नियात हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या दुपारी येतात आणि उन्हाळ्यातल्या भल्या पहाटे, म्हणजे मुलांना घेऊन जायचं तर हिवाळाच बरा.

पोहायला उतरणाऱ्यांनी मात्र रिप करंट समजून घेतल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. लाटांनी काठाला आणलेलं पाणी अरुंद पट्ट्यातून जोरात परत खोल समुद्राकडे जातं, तिथे लाटा फुटताना दिसत नाहीत आणि अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते. ओढले गेलात तर काठाकडे जोर लावू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर काठाला समांतर पोहा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं असतं, हा नियम कितीही चांगलं पोहता येत असलं तरी पाळावा.

शहर पाण्यावरून बघायचं तर माझं मत सरळ आहे, महागड्या क्रूझच्या आधी तिथल्या लोकांची रोजची फेरी पकडा. हाँगकाँगची स्टार फेरी, न्यूयॉर्कची स्टॅटन आयलंड फेरी (ही 1997 पासून फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोरून जाते), सिडनीची मॅनली फेरी, ऑफिसला जाणाऱ्यांच्या शेजारी बसून तोच नजारा मिळतो.

इव्हेंटचं म्हणाल तर किनारी शहरांत सगळ्यात मोठी गर्दी नववर्षाच्या फटाक्यांना. रिओच्या कोपाकबानाला सुमारे 4 किलोमीटरच्या वाळूवर मुंगीला शिरायला जागा नसते, लोक पांढरे कपडे घालून येतात आणि फटाके समुद्रातल्या बार्जवरून (सपाट तळाच्या मोठ्या होड्या) उडतात. सिडनीत मध्यरात्रीच्या आधी नऊलाही एक शो असतो, लहान मुलं असतील तर तोच बघा, पण तरी जागा मात्र फार लवकर धरावी लागते. त्याच शहरात 26 डिसेंबरला टास्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंतची शिडाच्या होड्यांची शर्यत सुटते, 1945 पासून चालू आहे, आणि सुरुवात बघायला बंदराच्या आजूबाजूचे कडे माणसांनी भरून जातात. मला जास्त आवडतं ते 1997 पासूनचं सिडनीतलंच स्कल्प्चर बाय द सी हे शिल्पप्रदर्शन, बाँडाय ते तामारामा या दोन बीचमधल्या कड्यावरच्या वाटेने चालत जायचं आणि वाटेत शिल्पं बघायची, तिकीट नाही. वीकेंडला तिथे ढकलाढकली होते, त्यामुळे जमत असेल तर मधल्या वारी सकाळी लवकर जावं. अशा कुठल्याही मोठ्या दिवशी काठाजवळचे रस्ते बंद असतात, गाडी नेऊच नये, आणि निघायच्या आधी परतीची शेवटची ट्रेन किंवा फेरी किती वाजता आहे आणि नेहमीच्या धक्क्यावरूनच सुटणार आहे का हे बघून ठेवावं, कारण गर्दीच्या दिवशी स्टेशनं आणि धक्के आयत्या वेळी बंद करतात.