मुंबईची 39 मिनिटं

रामनवमीच्या सुमारास मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी 12 वाजून 39 मिनिटांच्या आसपास. पंचांग काटेकोर पाळणारे म्हणूनच पाळण्याची दोरी बाराच्या ठोक्याला ओढत नाहीत. सूर्य आणि घड्याळ यांच्यातली ही तफावत 1906 सालची आहे. तिच्यावरून या शहरानं चाळीसहून अधिक वर्षं हुज्जत घातली.

हिशेब सोपा आहे. एका रेखांशामागे वेळ चार मिनिटांनी बदलते. मुंबई 73 रेखांशाच्या किंचित अलीकडे, म्हणून तिची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. मद्रासची 5 तास 21, कलकत्त्याची 5 तास 53. बैलगाडीच्या जमान्यात याचं कुणाला काही नव्हतं. रेल्वे आणि तारयंत्र आल्यावर प्रश्न पडला, वेळापत्रक छापायचं कुणाच्या वेळेनं? रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. तिथे 1792 पासूनची वेधशाळा होती आणि ती वेळ मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मधली. परिणामी मुंबईकर घरी एका वेळेनं जेवायचा आणि गाडी अर्धा तास पुढच्या वेळेनं पकडायचा.

1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच) मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी इतकी ओरड केली की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

मग 1 जानेवारी 1906 पासून स्टँडर्ड टाइम आली: साडेब्याऐंशी रेखांश, साडेपाच तास. गणित म्हणून त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण मुहूर्त फारच वाईट निवडला होता. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेही झाले नव्हते, स्वदेशीची हवा तापलेली, आणि अशात सरकारनं घड्याळाला हात घातला. महापालिकेतले पुढारी फिरोजशहा मेहता यांच्यासारख्यांचा आक्षेप हाच, की लोकांना विचारलं कुणी?

गिरणी कामगारांचं दुखणं याहून रोकडं होतं. भोंगा सहालाच व्हायचा ठरला, तर नव्या घड्याळाचे सहा म्हणजे जुने 5 वाजून 21 मिनिटं. जानेवारीच्या अंधारात तेवढं आधी उठायचं आणि मजुरी तीच. त्या महिन्यात कामगारांनी काम थांबवलं, गिरणीवर दगडही फेकले. ही तक्रार मला मेहतांच्या आक्षेपापेक्षा जास्त पटते.

महापालिकेनं आपली घड्याळं पुन्हा मुंबई टाइमवर आणली. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्डवर, पालिका 39 मिनिटं मागे. कार्यक्रमाची वेळ सांगताना ती कुठली, हेही सांगावं लागे. त्यात महायुद्धाच्या काळात, 1942 ते 1945, सरकारनं देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे ढकललं, तेव्हा मुंबई टाइमशी अंतर 1 तास 39 मिनिटांवर गेलं. घोळ सांभाळणाऱ्यांची कमाल म्हणायची.

कलकत्त्यानं आपली वेळ 1948 मध्ये सोडली. मुंबईची त्यानंतरही तग धरून होती, ती 1950 च्या दशकात मागे पडली. आसामच्या चहामळ्यांत मात्र ‘बागान टाइम’ आजही चालते, स्टँडर्डच्या एक तास पुढे. तिथे दिवस लवकर उजाडतो आणि पानं उजेडातच खुडायची असतात.