रोबस्ट डिझाइन

रोबस्ट डिझाइन : कच्चा माल, कारखान्यातील परिस्थिती, वापरणाऱ्याच्या सवयी आणि काळानुसार होणारी झीज यांत फरक पडला तरी उत्पादनाच्या कामगिरीत फारसा फरक पडू नये, अशा रीतीने त्याची रचना ठरवण्याची अभियांत्रिकी पद्धत. भक्कमपणाशी तिची नेहमी गल्लत केली जाते. दुप्पट भार पेलणारा जाड शाफ्ट भक्कम खरा. पण थोडा तापला की बेअरिंगमध्ये आवळून बसत असेल, तर तो रोबस्ट नव्हे.

रचनाकारापुढची अनिश्चितता दोन प्रकारची असते. एक निसर्गतःच असलेली : एकाच तुकडीतल्या दोन पोलादी सळ्यांची ताकद तंतोतंत सारखी नसते आणि कितीही मोजमाप केले तरी हा फरक नाहीसा होत नाही. दुसरी अज्ञानातून येणारी : गणिती प्रतिमान (मॉडेल) अपुरे असते, चाचण्या कमी झालेल्या असतात किंवा एखादा परिणाम कोणाच्या ध्यानातच आलेला नसतो. पहिली संभाव्यतेच्या भाषेत मांडता येते. दुसरी माहिती वाढवूनच कमी होते. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि दुसरीला पहिलीचे कपडे चढवण्याचा मोह मोठा असतो.

यावरचे जुने उपाय दोन. पहिला सुरक्षा गुणांक : अपेक्षित भाराच्या दीडपट, दुप्पट किंवा त्याहून जास्त भार सोसेल असा भाग बनवायचा. हा सोपा आणि अजूनही उपयोगी आहे. मात्र राखलेल्या पल्ल्यातला किती भाग कोणत्या अनिश्चिततेसाठी आहे, हे तो सांगत नाही. दुसरा म्हणजे टॉलरन्स, म्हणजे ठरलेल्या मापापासून चालणारा फरक, घट्ट करणे, आणि तो महाग पडतो. प्रत्येकी ±०.१ मिमी टॉलरन्स असलेले दहा भाग एकापुढे एक बसवले, तर सर्वांत वाईट स्थितीत एकूण फरक ±१ मिमी होतो. हे फरक परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन तो सुमारे ±०.३२ मिमी धरता येतो. दुसरा आकडा सुखावह वाटतो खरा; पण हत्याराची धार झिजून सगळे भाग एकाच बाजूला सरकू लागले की तो कोसळतो.

रोबस्ट डिझाइन चढउताराच्या कारणाला हात न लावता त्याचा परिणाम बोथट करते. १९५३ मध्ये जपानच्या इना टाइल कंपनीत झालेला प्रयोग याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. भट्टीत सगळीकडे सारखे तापमान राहत नसे, त्यामुळे कडेच्या फरशांचे आकार बिघडत. भट्टी नव्याने बांधण्याचा खर्च मोठा होता. त्याऐवजी मिश्रणातले घटक बदलून पाहिले गेले आणि चुनखडीचे प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेताच आकारांतला फरक खूप घटला. तापमान पूर्वीसारखेच असमान राहिले, पण फरशीला त्याची फिकीर उरली नाही. इथे भट्टीचे तापमान हा नॉइज घटक, म्हणजे हाताबाहेरचा चढउतार, आणि चुनखडीचे प्रमाण हा नियंत्रण घटक, म्हणजे रचनाकाराला ठरवता येणारी गोष्ट. या दोहोंमधला परस्परसंबंध शोधणे हेच या पद्धतीचे खरे काम आहे.

कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण प्रतिपुष्टीचा (निगेटिव्ह फीडबॅक) ॲम्प्लिफायर सुचवला. समजा मूळ ॲम्प्लिफायरचे वर्धन, म्हणजे तो संकेत जितक्या पट वाढवतो ते प्रमाण, १०,००० आहे आणि आउटपुटचा शंभरावा भाग उलट दिशेने इनपुटला परत दिला आहे; मग एकूण वर्धन ९९.०१ होते. आता मूळ वर्धन निम्मे होऊन ५,००० वर आले, तरी एकूण वर्धन ९८.०४ राहते. पन्नास टक्क्यांची घसरण आणि परिणाम जेमतेम एक टक्का. किंमत मात्र मोजावी लागते : दहा हजार पट वर्धनाची क्षमता असून शंभर पटीवर समाधान मानावे लागते. पेटंटला मंजुरी मिळायला १९३७ उजाडले.

या विचाराला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले ते जपानी अभियंते गेनिची तागुची (१९२४–२०१२) यांनी. १९५४-५५ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. तिथे त्यांची रोनाल्ड फिशर आणि वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञांशी गाठ पडली. तागुचींनी वापरलेल्या ऑर्थोगोनल ॲरेंचा, म्हणजे मोजक्या प्रयोगांत अनेक घटक समतोलपणे तपासता येतील अशा तक्त्यांचा, गणिती पाया याच संस्थेशी निगडित असलेल्या सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात घातला होता. अठरा ओळींच्या ॲरेमध्ये दोन पातळ्यांचा एक आणि तीन पातळ्यांचे सात घटक बसतात. सगळे संयोग तपासायचे तर ४,३७४ प्रयोग लागले असते. तागुचींनी गुणवत्तेची व्याख्याही बदलली. भाग मर्यादेत बसला म्हणजे चांगला, ही ‘गो–नो गो’ गेजची (भाग बसतो की नाही एवढेच सांगणाऱ्या मापकाची) समजूत सोडून, लक्ष्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात नुकसान होते असे त्यांनी मांडले. मर्यादेच्या जेमतेम आत आणि जेमतेम बाहेर असलेल्या दोन भागांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, हे शॉप फ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असलेले सत्य त्यामुळे सूत्रात आले.

१९८० मध्ये तागुची बेल लॅबोरेटरीजला गेले. तिथे माधव फडके आणि सहकाऱ्यांनी इंटिग्रेटेड सर्किटमधील सूक्ष्म खिडक्या कोरण्याच्या प्रक्रियेवर केवळ १८ प्रयोग करून खिडक्यांच्या आकाराचे प्रसरण (व्हेरिअन्स, म्हणजे मापांतल्या विखुरलेपणाचे माप) एक-चतुर्थांशावर आणले. प्रक्रियेचा वेळही कमी झाला.

टीकाही झाली आणि ती रास्त होती. जॉर्ज बॉक्स यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप विचारावर नव्हता, तंत्रावर होता. तागुची कामगिरी मोजायला वापरत त्या सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तरात सरासरी आणि विचलन एकत्र कालवले जातात आणि त्यांच्या ॲरेंत नियंत्रण घटकांच्या आपसांतल्या आंतरक्रिया झाकल्या जातात. त्यामुळे पुढे रिस्पॉन्स सरफेस पद्धतीने सरासरी आणि विचलन यांची वेगवेगळी प्रतिमाने बांधली जाऊ लागली.

आज बरेचसे काम संगणकावर होते. मॉन्टे कार्लो पद्धतीत यादृच्छिक आकडे घालून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. तिचे दुखणे संथपणा : लाखात एक इतकी बिघाडाची संभाव्यता सुमारे १० टक्के अचूकतेने काढायची, तर साधारण एक कोटी वेळा गणित करावे लागते. एका गणिताला तास लागत असेल तर हे अशक्यच. म्हणून मूळ प्रतिमानाऐवजी त्याची स्वस्त नक्कल, म्हणजे सरोगेट मॉडेल वापरतात किंवा १९७४ च्या हॅसोफर–लिंड विश्वासार्हता निर्देशांकासारखा अंदाजी मार्ग धरतात. कोणताही मार्ग घेतला तरी घटकांच्या गृहीत धरलेल्या संभाव्यता-वितरणांच्या टोकांवर उत्तर फार अवलंबून असते आणि नेमकी तिथलीच मोजमापे सर्वांत कमी असतात.

अज्ञानातल्या अनिश्चिततेपुढे ही सारी साधने तोकडी पडतात. १९५४ मध्ये कॉमेट या जेट प्रवासी विमानाचे दोन अपघात धातूच्या थकव्यामुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून तडे गेल्यामुळे, झाले. त्यातले एक विमान १,२९० दाबयुक्त उड्डाणांनंतर आणि दुसरे सुमारे ९०० नंतर फुटले. उत्पादकाच्या चाचणीत मात्र केबिनचा नमुना दाब चढवण्या-उतरवण्याचे कितीतरी हजार फेरे टिकला होता. त्याच नमुन्यावर आधी कार्यदाबाच्या दुपटीपर्यंत दाब देऊन ताकद तपासली होती. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला गेला, तिथे संपीडन ताण मागे राहिला आणि नमुना प्रत्यक्ष विमानांपेक्षा जास्त टिकाऊ झाला. पुढे स्थिर भाराची आणि थकव्याची चाचणी वेगवेगळ्या सांगाड्यांवर घेण्याचा प्रघात रुळला; एखादा तडा गेला तरी त्याची वाढ रोखली जावी, अशी रचनाही विमानांच्या सांगाड्यात केली जाऊ लागली.